पाण्यातले प्लास्टिक आणि घरातले गाळणे

पाण्याच्या पिंपाशेजारी दोरीवर वाळत घातलेले पांढरे गाळणे ज्या स्वयंपाकघरात दिसत नाही, असे जैन घर एके काळी विरळा होते. जाड सुती कापड, दुहेरी घडी, भांड्याच्या तोंडावर सैलसर बसेल एवढा आकार, आणि पाणी गाळून झाल्यावर त्या कापडात राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडण्याची दक्षता. हा आचार जीवदयेसाठी होता. पाण्यातील त्रस जीवांची हिंसा टळावी, एवढाच त्याचा हेतू. शास्त्रकारांना प्लास्टिकची कल्पना होती, असा दावा करण्याचे काहीच कारण नाही. तसा दावा करणे म्हणजे आचाराला उसनी प्रतिष्ठा मिळवून देणे होय आणि त्याला तिची गरज नाही. परंतु पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्म प्लास्टिक कमी कसे करावे, या प्रश्नाचा शोध घेताना आजचे संशोधक ज्या दोन क्रियांपाशी येऊन थांबले आहेत, त्या गाळणे आणि उकळणे याच आहेत. म्हणून हा विषय समाजातील घरांना इतरांपेक्षा जरा जवळचा आहे.

सूक्ष्म प्लास्टिक म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान आकाराचे प्लास्टिकचे कण आणि तंतू. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधामुळे ‘मायक्रोप्लास्टिक’ ही संज्ञा रूढ झाली. पाच मिलिमीटर म्हणजे तुरीच्या दाण्याएवढे. तेवढे कण डोळ्यांना सहज दिसतात. चिंता आहे ती त्याहून कितीतरी लहान कणांची. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारणपणे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. एका मायक्रॉनपेक्षाही लहान असलेल्या कणांना नॅनोप्लास्टिक म्हणतात आणि ते साध्या सूक्ष्मदर्शकालाही दाद देत नाहीत.

हे कण पाण्यात येतात कोठून, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक यांचे कपडे धुताना प्रत्येक धुण्यात तंतू सुटतात आणि सांडपाण्याबरोबर नदीत जातात. रस्त्यावर टायर झिजतात, त्यांची धूळ पहिल्या पावसात ओढ्याला मिळते. उन्हात पडलेल्या पिशव्या आणि बाटल्या ठिसूळ होऊन त्यांचा भुगा होतो. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीसारखे क्षार घालून गाळ खाली बसवतात आणि पाणी वाळूच्या थरातून गाळतात, तेव्हा यातील बराच भाग अडतो. केंद्र नीट चालत असेल तर एका मायक्रॉनपेक्षा लहान कणही या प्रक्रियेत निघू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. मात्र केंद्रातून निघालेले पाणी घरी येईपर्यंत प्लास्टिकची नळवाहिनी, गच्चीवर तापणारी प्लास्टिकची टाकी, प्लास्टिकची बादली आणि शेवटी प्लास्टिकची बाटली असा प्रवास करते. या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यावर कुटुंबाचा ताबा आहे. आधीच्या टप्प्यांवर फारसा नाही.

आकड्यांची उलटतपासणी

या विषयातील आकडे वाचताना हिशेबनिसाची शंकेखोर नजर हवी. २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्रेडोनिया येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ देशांतून घेतलेल्या ११ नाममुद्रांच्या २५९ सीलबंद बाटल्या तपासल्या. त्यात भारतातील बाटल्याही होत्या. ९३ टक्के बाटल्यांत सूक्ष्म प्लास्टिक आढळले. शंभर मायक्रॉनपेक्षा मोठे कण मोजले तेव्हा लिटरमागे सरासरी १०.४ भरले, साडेसहा मायक्रॉनपर्यंतचे कण धरले तेव्हा तो आकडा ३२५ वर गेला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी लेसर किरणांवर आधारलेली नवी पद्धत वापरून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या तीन नाममुद्रांचे पाणी तपासले आणि लिटरमागे सरासरी सुमारे दोन लाख चाळीस हजार कण आढळल्याचे जाहीर केले. त्यांतील नव्वद टक्के कण नॅनोप्लास्टिकचे होते. सहा वर्षांत पाणी हजारो पटींनी खराब झाले, असा याचा अर्थ कोणी काढील तर तो चुकेल. पाणी बहुधा तेच होते. पाहणाऱ्याची नजर सूक्ष्म झाली.

याउलट एक आकडा असा आहे की तो जितका गाजला तितका टिकला नाही. माणूस दर आठवड्याला पाच ग्रॅम, म्हणजे बँकेच्या एका क्रेडिट कार्डाइतके प्लास्टिक गिळतो, हे विधान २०१९ मध्ये जगभर छापून आले आणि अजूनही मोबाइलवर फिरत असते. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल विद्यापीठाने एका निसर्गसंवर्धन संस्थेसाठी केलेल्या अभ्यासातून ते आले होते आणि मूळ अंदाजात पाच ग्रॅम ही वरची मर्यादा होती. २०२१ मध्ये नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी काढलेला प्रौढ माणसाचा अंदाज आठवड्याला ४.१ मायक्रोग्रॅम एवढाच आहे. दोन्ही आकड्यांत सुमारे बारा लाख पटींची तफावत! खातेवहीत एवढी तफावत निघाली तर कोणताही लेखापरीक्षक सही करणार नाही. तेव्हा क्रेडिट कार्डाचे चित्र दाखवून कोणी महागडे यंत्र विकू पाहत असेल, तर त्याला नम्रपणे दाराबाहेरचा रस्ता दाखवावा.

मग काळजीचे कारण आहे की नाही? आहे, परंतु ते जाहिरातीत सांगितले जाते तसे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावरचा अहवाल प्रसिद्ध केला. पिण्याच्या पाण्यात सध्या आढळणाऱ्या प्रमाणात सूक्ष्म प्लास्टिकमुळे आरोग्याला धोका असल्याचे दिसत नाही, मात्र उपलब्ध माहिती फार तोकडी आहे आणि अधिक संशोधनाची गरज आहे, असा त्याचा आशय होता. १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण शरीरात शोषले जाण्याची शक्यता कमी, ते आले तसे निघून जातात, हेही त्यात म्हटले होते. त्यानंतर चित्र थोडे गंभीर झाले. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅममधील शास्त्रज्ञांना २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे अंश सापडले. मार्च २०२४ मध्ये इटलीतील डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मानेतील रोहिणीत साचलेला मेदाचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांचा तो अभ्यास होता. त्यांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन आढळले. पुढील सुमारे चौतीस महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचे प्रमाण, ज्यांच्या थरात प्लास्टिक होते त्यांच्यात इतरांच्या साडेचार पट भरले.

हा आकडा वाचून मन चरकते, आणि चरकायला हरकत नाही. तरीही तो निष्कर्ष कार्यकारणाचा नव्हे, सहसंबंधाचा आहे, हे त्या डॉक्टरांनीच स्पष्ट केले आहे. त्या रुग्णांच्या शरीरात प्लास्टिक पाण्यातून गेले की अन्नातून की श्वासातून, हेही त्यातून कळत नाही. घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब आणि मधुमेह सांभाळणे हे पाण्यातील कण मोजण्यापेक्षा कितीतरी तातडीचे काम आहे. मात्र ज्या उपायांना खर्च नाही, त्रास नाही आणि ज्यांची घराला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे, ते पुरावा पूर्ण होईपर्यंत लांबणीवर टाकण्यातही शहाणपण नाही.

सुती कापडाचे सामर्थ्य आणि मर्यादा

घडी घातलेल्या कापडाने पाण्यातून नेमके काय अडते, याचा उत्तम अभ्यास बांगलादेशात झाला आहे, आणि तो प्लास्टिकसंबंधी नसून पटकीसंबंधी आहे. अमेरिकेच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब भागातील गावांमध्ये बायकांना जुनी सुती साडी दुमडून, आठ पदरी करून, तिच्यातून पाणी गाळायला शिकवले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी कापडात अडकतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशी साडी वापरणाऱ्या घरांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नव्या कोऱ्या साडीपेक्षा धुवून धुवून मऊ झालेली जुनी साडी अधिक चांगले गाळते, कारण तिचे तंतू फुलून छिद्रे बारीक होतात. आठ पदरी जुन्या साडीची छिद्रे सुमारे वीस मायक्रॉनची भरली.

वीस मायक्रॉन हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. म्हणजे असे कापड केसापेक्षा बारीक तंतू आणि तुकडेही अडवू शकते. परंतु नॅनोप्लास्टिक त्यातून विनासायास पार होते. दुहेरी गाळण्याची छिद्रे आठ पदरी साडीपेक्षा मोठी असणार, हेही उघड आहे. तेव्हा गाळणे हा पूर्ण उपाय नव्हे, पहिली पायरी आहे.

पण ती पायरी तरी शाबूत आहे का? बाजारात तोटीला लावण्यासाठी नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या मिळतात, रंगीत आणि स्वस्त. बऱ्याच घरांत सुती गाळण्याची जागा त्यांनी घेतली आहे. काही घरांत ‘टेरीकॉट’चा तुकडा गाळणे म्हणून वापरला जातो, कारण तो लवकर वाळतो. कृत्रिम धाग्याचे कापड वापरताना आणि धुताना तंतू सोडते, हे आता निर्विवाद आहे. प्लास्टिक गाळण्यासाठी प्लास्टिकचेच कापड वापरणे हा विनोद म्हणावा लागेल. आचाराच्या दृष्टीनेही गाळणे शुद्ध सुती, घट्ट विणीचे आणि स्वच्छ असावे, हीच परंपरा आहे. खादी भांडारातून मीटरभर जाड खादी आणून ती दोन-चार वेळा धुवावी आणि मग वापरात घ्यावी. गाळणे रोज धुवून उन्हात वाळवावे. ओलसर, कुबट गाळणे जंतूंचे घर होते. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे मानणाऱ्या घरांत पाणी पुन्हा पुन्हा गाळले जाते. त्यामुळे साठवणीच्या भांड्यातून आलेले तंतूही दुसऱ्या वेळी अडतात.

उकळण्याचे गुपित

फेब्रुवारी २०२४ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथील संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण मिसळले, ते पाणी पाच मिनिटे उकळले, थंड होऊ दिले आणि मग गाळले. पाणी जड होते तेव्हा सुमारे नव्वद टक्क्यांपर्यंत कण निघून गेले. पाणी मृदू होते तेव्हा मात्र साधारण पंचवीस टक्केच निघाले.

असे का व्हावे? कारण शाळेच्या पुस्तकातलेच आहे. जड पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी उकळले की त्याचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, तयार होते आणि ती पाण्यात विरघळत नाही. ज्या पातेल्यात रोज पाणी उकळते त्याच्या तळाशी आणि कडेला जमणारा पांढरा खर तो हाच. ही चुनखडी स्फटिकरूपाने बाहेर पडताना पाण्यातील प्लास्टिकच्या कणांभोवती जमते, त्यांना वेढून टाकते आणि त्यांच्यासह खाली बसते. जो कण एरवी कोणत्याही कापडातून निसटला असता, तो चुनखडीच्या कवचामुळे जड आणि मोठा होतो. गृहिणी ज्या खराला कंटाळून चिंच-व्हिनेगरने पातेले घासत बसते, तोच या कामी येतो.

ज्या घरांत ‘पक्के पाणी’ पिण्याची पद्धत आहे, ज्या घरांत चातुर्मासात, पर्युषणात किंवा एकासन-आयंबिलाच्या दिवशी उकळलेलेच पाणी घेतले जाते, तेथे ही क्रिया आधीच रोज घडते आहे. तीन उकाळे येईपर्यंत पाणी चुलीवरून उतरवायचे नाही, हा नियम पाळला जात असेल तर पाणी खळखळून उकळल्याची खात्रीही आपोआप होते; नुसते वाफाळलेले पाणी येथे उपयोगाचे नाही. उणीव राहते ती पुढच्या टप्प्यात. पाणी थंड करण्यासाठी परातीत ओतताना पातेले तळापर्यंत उपडे केले जाते आणि खाली बसलेला खर, आणि त्याबरोबर प्लास्टिकही, पुन्हा पिण्याच्या पाण्यात येते. यावर इलाज एवढाच की उकळलेले पाणी झाकून निवू द्यावे, गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी न ढवळता हळूच दुसऱ्या भांड्यात घट्ट विणीच्या सुती कापडातून गाळून घ्यावे आणि तळाचे पेलाभर पाणी पिण्यात घेऊ नये. चिनी संशोधकांनी कॉफी गाळण्याचा कागद वापरला होता. तो कापडापेक्षा बारीक गाळतो; घरी असेल तर वापरावा, नसेल तर पाणी अधिक वेळ निवळू द्यावे. पातेले अर्थातच स्टीलचे किंवा कल्हई केलेल्या पितळेचे.

या उपायाला स्थळाची मर्यादा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा या भागांत डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ही तक्रार नवी नाही. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या धरणांतून येणारे पावसाचे पाणी तुलनेने मृदू आहे. तेव्हा लातूरच्या बोअरचे पाणी उकळल्याने जेवढे प्लास्टिक निघेल तेवढे मुलुंडच्या नळाचे पाणी उकळून निघणार नाही. मुंबईकराने पाणी उकळू नये असा याचा अर्थ नाही. जंतू मारण्यासाठी उकळणे दोन्हीकडे सारखेच उपयोगी आहे. आणि खरा क्रम हाच असावा: आधी जंतू, मग प्लास्टिक. तसेच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल तर ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. अशा पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे हे सर्वांत आधीचे काम.

उकळण्याच्या खर्चाचा प्रश्न निघतो. दहा लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळेपर्यंत तापवून पाच मिनिटे उकळत ठेवायला, शेगडीची कार्यक्षमता साधारण धरून, अंदाजे १२० ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये असे सुमारे ११८ दिवस निघतील. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर रोजचे साडेसात रुपये, महिन्याचे सव्वादोनशेच्या आसपास. पातेल्यावर झाकण ठेवले तर त्याहूनही कमी. पाण्याच्या दोन-तीन सीलबंद बाटल्यांच्या किमतीत घराचे तीन-चार दिवसांचे पाणी उकळून होते.

यंत्र घ्यावे की नाही

‘आरओ’ यंत्राच्या पडद्याची छिद्रे इतकी बारीक असतात की विरघळलेले क्षारही त्यातून जाऊ शकत नाहीत. प्लास्टिकचे कण अडणे तर ओघानेच आले. पाण्यात क्षार भरमसाट असतील, फ्लोराइड असेल, तर हे यंत्र हवेच. परंतु त्याच्या तीन बाजू विक्रेता सांगत नाही. एक, घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण तीन लिटर पाणी मोरीत सोडते. पाण्याचा थेंबही विवेकाने वापरावा, असे मानणाऱ्या घराला हा अपव्यय खटकल्यावाचून राहणार नाही. ते पाणी बादलीत धरून लादी पुसायला, संडासात वापरायला घ्यावे. दोन, हा पडदा स्वतः पॉलिअमाइड या प्लास्टिकचा असतो. कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात बाटलीबंद पाण्यात पॉलिअमाइडचे कण लक्षणीय प्रमाणात सापडले आणि ते शुद्धीकरणाच्या यंत्रणेतूनच येत असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. म्हणून पडदे आणि गाळण्या मुदतीत बदलणे आवश्यक आहे. ‘अजून चालतंय ना’ म्हणून वर्षानुवर्षे तेच ठेवणे योग्य नव्हे. तीन, आरओचे पाणी मृदू झालेले असते, त्यामुळे ते नंतर उकळून प्लास्टिक निघण्याची अपेक्षा धरू नये. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, जेथे विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे आरओचा वापर बंद करावा, असा आदेश पर्यावरण मंत्रालयाला दिला होता, ही गोष्ट यंत्र घेण्यापूर्वी आठवावी. नगरपालिकेचे गोडे पाणी मिळणाऱ्या बहुसंख्य घरांना गाळणे आणि पातेले पुरेसे आहे.

उष्णता हा खरा शत्रू

घरात प्लास्टिक पाण्यात उतरते ते मुख्यतः उष्णतेने आणि घासण्याने. याबाबतचा सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास तान्ह्या बाळांविषयी आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या; नेहमीच्या पद्धतीने दूध तयार केल्यास लिटरमागे एक कोटी बासष्ट लाखांपर्यंत कण सुटतात, असे त्यांना आढळले. पाणी २५ अंशांचे असता जेथे सहा लाख कण सुटले, तेथे ९५ अंशांच्या पाण्याने साडेपाच कोटी. उपायही त्यांनीच सांगितला आहे. पाणी स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात उकळावे, पावडरचे दूध त्याच भांड्यात कालवावे, ते पिण्याजोगे निवाल्यावरच बाटलीत ओतावे. उकळून निर्जंतुक केलेली बाटली थंड झाल्यावर उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा विसळावी. बाटली जोरजोराने हलवू नये. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच ठेवू नये. आजीच्या हातातील चांदीची वाटी आणि चमचा, किंवा बोंडले, हे त्याहून सरस. बालरोगतज्ज्ञही बाटलीऐवजी वाटी-चमच्याचाच आग्रह धरतात, त्यांची कारणे अर्थात वेगळी आहेत.

मोठ्यांच्या चहाचीही तीच गत. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की कागदी कपात शंभर मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटे ठेवले तर आतील प्लास्टिकच्या अस्तरातून सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण सुटतात. कागदी कप कागदाचा नसतो, हे अनेकांना त्या दिवशी कळले. कार्यालयाच्या टेबलावर स्टीलचा किंवा काचेचा एक पेला ठेवला की हा प्रश्न मिटतो. पातळ पिशवीत बांधून आणलेला पार्सलचा चहा कोणत्याही निकषावर समर्थनीय ठरत नाही.

काच मात्र सरसकट निर्दोष असते, असे समजू नये. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत शीतपेयांच्या काचेच्या बाटल्यांत प्लास्टिकच्या बाटल्यांपेक्षा कितीतरी जास्त कण सापडले. दोष काचेचा नव्हता. पत्र्याच्या झाकणावर बाहेरून दिलेला रंग खरवडून आत पडत होता. प्लास्टिकच्या बाटलीचेही झाकण उघडताना आणि घट्ट फिरवताना कण सुटतात. म्हणून रिकामी झालेली सीलबंद बाटली फ्रिजमध्ये वर्षभर भरून ठेवण्याची काटकसर सोडावी. शाळेच्या दप्तरात स्टीलची बाटली, घरात पितळेचा किंवा स्टीलचा पिंप, उन्हाळ्यात मातीचा माठ, वर ताटली, आत ओगराळे. गच्चीवरची टाकी वर्षातून दोनदा धुवावी आणि तिच्यावर ऊन येणार नाही अशी सावली करावी.

भारतात पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्म प्लास्टिकवर अजून कोणतीही कायदेशीर मर्यादा नाही. पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० त्याबद्दल मूक आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये अन्नातील सूक्ष्म आणि नॅनोप्लास्टिक मोजण्याच्या पद्धती ठरविण्यासाठी एक प्रकल्प सुरू केला असून लखनौची विषविज्ञान संशोधन संस्था, कोचीची मत्स्यतंत्रज्ञान संस्था आणि पिलानीची बिट्स यांच्याकडे ते काम दिले आहे. मोजमाप ठरेल, मग मर्यादा ठरेल. तोवर घराघरांनी आणि संघांनीच काही करायचे आहे.

संघांचा उल्लेख मुद्दाम केला. घरी पाणी दोनदा गाळून पिणारे कुटुंब स्वामिवात्सल्याला किंवा महावीर जयंतीच्या मिरवणुकीला जाते तेव्हा त्याच्या हाती दोनशे मिलिलिटरची सीलबंद बाटली पडते. प्लास्टिकच्या पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, त्यात या बाटल्या नाहीत. त्यामुळे पेले गेले आणि बाटल्या वाढल्या. भवनाच्या आवारात वीस लिटरचे जार सकाळपासून उन्हात उभे असतात. त्यातले पाणी गाळलेले आहे का, केव्हा भरले, हे विचारणारा कोणी नसतो. भांडी घासायला माणूस मिळत नाही, ही कार्यकर्त्यांची अडचण खरी आहे. पण पाचशे स्टीलचे पेले, दोन मोठे पिंप, तोट्यांना बांधलेली सुती गाळणी आणि दोन माणसांची दिवसभराची मजुरी यांचा खर्च एका वर्षाच्या बाटल्यांच्या बिलाशेजारी मांडून पाहावा. पेले एकदाच घ्यावे लागतात, बाटल्यांचे बिल दरवर्षी येते. येत्या चातुर्मासाचे अंदाजपत्रक बहुतेक संघांत अजून मंजूर व्हायचे आहे.